चहासुद्धा करील

गुरुवार, संध्याकाळ. खडकी.

तीन दिवस वही उघडली नाही, चुकलं. हात धजत नव्हता.

सोमवारी माझ्या नातीची, स्वातीची, खराडीच्या कंपनीत मुलाखत होती. इंजिनिअर झाल्यापासूनची सातवी. ती म्हणाली होती, "आजोबा, तुम्ही फाटकापाशीच थांबा." मी थांबलो नाही. आमच्या फॅक्टरीत घरच्या वडीलधाऱ्याने साहेबाकडे शब्द टाकला, की पोरगं लागायचं. तिच्या बापाला मी तसाच लावला. म्हणून वॉचमनला 'पोरीचे कागद राहिलेत' सांगून वर मुलाखतीच्या खोलीतच गेलो. साहेबापुढे हात जोडले. "गरिबाची पोर आहे, काहीही काम द्या. चहासुद्धा करील."

साहेब माझ्यादेखत तिला म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटरचं राहू द्या. चहा कसा करता?" सगळे हसले. मीही हसलो. का हसलो मी?

रिक्षात ती एवढंच बोलली, "आजोबा वारले, असं सांगायला हवं होतं मी तिथे." घरी आल्यावर बॅग भरून कोथरूडला मैत्रिणीकडे गेली. तेव्हापासून फोन नाही.

चहासुद्धा करील. कुठून सुचलं मला?

स्वाती, नोकरीचं राहू दे. मी अजून आहे गं. लवकर फोन कर.