अनुमोदक नाही

सोमवार, ४ मार्च १९४६

लोकल बोर्डाच्या सभेचे वृत्त पाठवले. राखीव जागेवरच्या वृद्ध सभासदांनी आपला ठराव पुन्हा मांडला — शाळेच्या ओट्यावर बसवलेली महारवाड्यातली मुले वर्गात घ्यावीत. अध्यक्षांनी विचारले, "अनुमोदन?" सभागृहात पंखा नाही, नाहीतर त्याचा तरी आवाज आला असता. ठराव पडला. तीन वर्षांत सातव्यांदा. 'अनुमोदक नाही' हे मी आता डोळे मिटून लिहितो. संपादक म्हणतात, कागदाची टंचाई आहे, तेवढेही गाळा!

गुरुवार, ७ मार्च

निवडणूक जाहीर. आमच्या भागाला दोन जागा — एक सर्वसाधारण, एक राखीव. लेख पाठवला. सभागृहात यावे ते गुणांवर. राखीव जागा म्हणजे कुबडी. अंगात तेज असेल त्याने उघड्या मैदानातून यावे, वगैरे. शेवटी एक सुभाषित. सुभाषित घातले की पुढे विचार करावा लागत नाही.

हिने खर्डा वाचला. "अहो, पाठशाळेत असताना तुम्ही दर मंगळवारी आमच्याकडे जेवायला यायचात."

खरे आहे. वार लावून जेवलो. मंगळवार सासऱ्यांच्या घरचा. तेव्हा ते सासरे नव्हते.

"तुमचं पान राखलेलं असायचं. त्याला कुठली परीक्षा होती?"

जानवे, म्हटले.

"आणि ते गुणांवर मिळालं होतं?"

खर्डा घडी करून फडताळात ठेवला.

शनिवार, ९ मार्च

महारवाड्यातला गहिनीनाथ आला होता. पलटणीत कारकुनी करून परतलाय; त्या वृद्ध सभासदांच्या जागी राखीव जागेला उभा आहे. मी ओसरीवर, तो अंगणात उन्हात. याला आमच्यात स्वागत म्हणतात.

"लेख वाचला, शास्त्रीबुवा. झ्याक हाय. उघड्या मैदानातून या म्हंता — मैदान कुठं हाय तेवढं सांगा."

चिडलेला नव्हता. तेच टोचले.

त्याची चांगुणा त्या ओट्यावरच बसते. "दुपारचं ऊन पाटीवर येतं. लिवलेलं दिसत न्हाई पोरीला."

मी म्हटले, अरे, तू निवडून आलास तरी अनुमोदन कोण देणार?

"व्हय," म्हणाला. "येकट्याचं काम न्हाई ते." हसला आणि गेला.

मंगळवार, १२ मार्च

श्रीमंतराव पाटलांकडे बोलावणे. सर्वसाधारण जागेला ते एकटेच उभे. दुसऱ्या कोणाची छाती नाही. पण गहिनीनाथ बोर्डात नको. राखीव जागेवर आपला माणूस हवा! सापडलाही — त्यांचेच अंगण झाडणारा, महारवाड्यातला कारभारी नावाचा गडी.

"सोताहून आला बुवा! म्हनला, मालक, मला उभं करा, तुमी म्हनाल तवा हात वर करतो. असा मानूस पायजे!"

कारभारी अंगणात उभा होता, मान खाली. तीस वर्षांत त्याच्या तोंडून 'जी'पलीकडे शब्द ऐकलेला नाही.

दर मतदाराला दोन मते. दोन्ही एकालाच देता येतात. पाटलांचा गावोगाव निरोप: दोन्ही कारभारीला. "मला कशापायी वाया घालवता? मी तर एकलाच हाय!"

शुक्रवार, १५ मार्च

नियमांचे पत्रक शेवटपर्यंत वाचले. मीमांसा शिकल्याचा तोटा. कलम सात: हरिजन उमेदवारांत ज्याला जास्त मते, त्याला राखीव जागा. मग उरलेल्या सर्वांत — सर्वांत! जात न पाहता! — ज्याला जास्त, त्याला सर्वसाधारण.

म्हणजे पाटील एकटे नाहीत. तिघे आहेत.

तसाच उठून गेलो. "पाटील, ते सातवे कलम—"

"बुवा, कलमं तुमी वाचा, मानसं आमी वाचतो. च्या घ्या."

चहात साखर होती. रेशनच्या दिवसांत अशा चहापुढे बोलणे जड जाते. तरी म्हटले, कलम—

"घ्या हो!"

घेतला. तिसऱ्यांदा सांगितले नाही.

शनिवार, १६ मार्च

सांगावे का?

रविवार, १७ मार्च

होळी. बोंब मारायचा हक्काचा दिवस. मी गप्प.

हिला तेवढे सातवे कलम वाचून दाखवले. म्हणाली, "उघडं मैदान म्हणतात ते हेच ना हो?"

गुरुवार, २१ मार्च

मतदान. माझी दोन मते: एक पाटलांना, भिडेखातर. एक चांगुणाच्या पाटीला.

शनिवार, २३ मार्च

मोजणी. कारभारी — सहाशे बारा. गहिनीनाथ — एकशे पंचाण्णव. (महारवाड्याने दोन्ही मते त्यालाच दिली. विषम आकडा माझ्यामुळे.) श्रीमंतराव पाटील — नऊ.

राखीव जागा कारभारीला. गहिनीनाथ सर्वसाधारण जागेवर — उघड्या मैदानातून, माझ्या लेखाबरहुकूम! पाटलांनी स्वतःचीही दोन्ही मते कारभारीलाच दिली होती. शब्दाचा पक्का माणूस.

संध्याकाळी म्हणाले, "बुवा, तुमी त्या दिशी कायतरी सांगत व्हता..."

"चहा उत्तम आहे, म्हणत होतो."

खोटे बोललो. इथे लिहून ठेवतो. आणखी कुठे लिहिणार?

पाटील सावरले लगेच. "जाऊ द्या. गहिन्या मांडू दे की ठराव. दुसरा हात कुनाचा? कारभारी आपलाच हाय."

सोमवार, १५ एप्रिल

नव्या बोर्डाची पहिली सभा. गहिनीनाथने तोच ठराव मांडला. अध्यक्षांनी सवयीने विचारले, "अनुमोदन?" मीही सवयीने दोन्ही शब्द लिहून मोकळा झालो.

कारभारी उभा राहिला. मान वर. "माझं अनुमोदन आहे." स्वच्छ, ठणठणीत — महिनाभर कोणी घोटून घेतल्यासारखे. गहिनीनाथ समोर बघत होता.

'सोताहून' आला होता म्हणे पाटलांकडे!

'नाही' खोडले.