कानस मारलेलं उत्तर

मोशी,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

ती. कुसुमताईस,
नवनाथचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे, माझं डोकं सोडून. कंपनीत नवा नियम आलाय. लाइन लीडर व्हायचं तर दहावी पास पाहिजे. ते काम कित्येक वर्षं मीच बघतो, पण दहावी राहिली ती राहिलीच. मार्चमध्ये निघाली नाही तर सुजित माझा साहेब होणार. सुजित म्हणजे तोच, ज्याला पाना कसा धरायचा हे मी शिकवलं. पोरगा गुणी आहे, म्हणून तर जास्त झोंबतं.

बाहेरून फॉर्म भरलाय. बाकीचे विषय निघतील, अडणार ते बीजगणितात. ‘एका संख्येच्या दुपटीत पाच मिळवले’ असं वाचलं की वाटतं, ज्यानं मिळवले त्यालाच विचारा की! पिंकीकडे शिकायला बसलो होतो. पण लेकीनं दुसऱ्यांदा ‘पप्पा, सोपं तर आहे’ म्हटल्यावर मी पाणी प्यायला उठलो, तो परत बसलोच नाही. तू शाळेत गणित शिकवतेस, तर मलाही पत्रानं शिकव. फोनवर एक्स नुसता ऐकू येतो, दिसत नाही.

अभ्यास कंपनीच्या बसमध्ये करतो. तळेगाव चौकात बस अडकली की एक उदाहरण होतं. माझी दहावी चाकणच्या ट्रॅफिकच्या भरवशावर आहे.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तो नापास झालो तरी राहू द्यावा.

तुझा,
नवनाथ


औसा,
१४ जानेवारी २०२५

चि. नवनाथ यास
अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पाठवते आहे. मी मात्र गोड बोलेन अशी आशा ठेवू नकोस, कारण तुझं पत्र वर्गात बसल्यासारखं वाचलं आहे.

बाबा रे, जे माहीत नाही त्याला आधी नाव द्यायचं. ‘समजा, ती संख्या एक्स आहे’ ही पहिली ओळ. तू त्या संख्येची ओळख करून न घेताच तिच्याशी भांडायला उभा राहतोस. मनातल्या मनात उत्तर काढून कागदावर आपटू नकोस. गुण पायऱ्यांना असतात.

हे उदाहरण सोडव. बहीण भावापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे. दोघांच्या वयांची बेरीज एकशे दोन. दोघांची वयं पूर्णांकात काढ. माणसं आपल्याच घरातली घेतली आहेत, म्हणजे तुला परकं वाटायला नको.

कस्तुराला सांग, चहा दे पण बिस्किटं उत्तर आल्यावरच दे. माझी माया आहेच. पायऱ्या लिहिल्यास थोडी वाढेल.

तुझी,
ताई


मोशी,
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

ती. कुसुमताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोडवलं! भावाचं वय सत्तेचाळीस, बहिणीचं पंचावन्न. बेरीज एकशे दोन. ‘समजा’ची ओळ ठळक लिहिली आहे, तिचे गुण आधी द्यावेत.

तुझ्यापासून काय लपवायचं? आधी साडेसत्तेचाळीस आणि साडेचोपन्न येत होतं. तू तर पूर्णांक मागितलेले. मग माझ्यातलं अर्धं वर्ष काढून तुझ्यात घातलं. आमच्याकडे ब्रॅकेट बसत नसलं की मी कडेनं कानस मारतो आणि दाबून बसवतो. तेच केलं. फरक सातचा आठ झाला खरा, पण बहीणभावात एका वर्षानं काय बिघडतं?

कस्तुरानं बिस्किटं दिली. तिचा नवऱ्याच्या गणितावर विश्वास आहे. ती बारावी शिकलेली असून असं कसं, ते कळत नाही.

रागावलीस तरी उत्तर धाडावं.

तुझा,
नवनाथ


औसा,
२ फेब्रुवारी २०२५

चि. नवनाथ यास
आशीर्वाद.

तुझ्या कागदावर लाल शेरा मारला तो असा: गणितात कानस चालत नाही. पूर्णांक हवा असताना अर्धं आलं म्हणजे चूक वर कुठंतरी आहे. उत्तराला हात लावायचा नाही, पहिल्या ओळीवर परत जायचं.

शेरा मारून तुझी चूक शोधायला बसले. सापडेना. शेवटी मीच पहिल्या ओळीवर गेले, तर चूक माझ्या उदाहरणातच!

सात वर्षांचा फरक आई सांगायची तो. बेरीज मात्र मी आपल्या आधार कार्डांवरून केली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाचा जन्म एक जूनला लावला, त्यात आपण दोघंही आलो. मी अंगानं बारीक म्हणून माझं एक वर्षही कमी केलं. म्हणून कागदावर मी चोपन्नची, तू अठ्ठेचाळीसचा, फरक सहा. फरक आईचा आणि बेरीज सरकारची, मग अर्धं येणार नाही तर काय! आणि मी रोज वर्गात ओरडते, उदाहरण नीट वाचा म्हणून.

आईच्या हिशेबानं मी पंचावन्नचीच आहे. तू कानस मारून माझं खरं वय बाहेर काढलंस. आमच्या हेडमास्तरांच्या कानावर जाऊ देऊ नकोस, निवृत्ती वर्षभर आधी येईल.

तरीही शेरा कायम आहे. परीक्षेत कानस घरी ठेवून जा.

तुझी,
ताई (वय दोन प्रकारचं)


मोशी,
रविवार, १ जून २०२५

ती. कुसुमताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर निकाल सांगितला, पण पायऱ्या राहिल्या होत्या. गुण पायऱ्यांना असतात.

परीक्षेला शेजारी पिंकीहून लहान मुलं. मला पर्यवेक्षक समजून एकानं पुरवणी मागितली. प्रश्न असा: दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज नऊ, दशकाचा अंक एककापेक्षा तीननं मोठा, तर संख्या कोणती? ‘समजा’ लिहून सोडवलं, तर एककाचा अंक आला दीड. दीड! हात शिवशिवले. अर्धं इकडचं तिकडं केलं की बसत होतं. पण तुझा लाल शेरा आठवला आणि पहिल्या ओळीवर गेलो. घाईत नऊचा सहा उतरवला होता. सुधारलं, तर तीन आले. संख्या त्रेसष्ट. ताई, घासावं न लागता बसलेलं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं उत्तर.

पास झालो, काठावरच. तरी त्या त्रेसष्टशिवाय काठही लागला नसता. आजपासून लाइन लीडर आहे. आमची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे आज रविवारी कंपनीत होतो. कँटीनमध्ये केक आला. एक जूनचे आम्ही इतके निघालो, की केक कापायला लाइन लावावी लागली. लावली मीच. सुजितनं माझ्या तोंडात केक कोंबून विचारलं, आता काका म्हणू की साहेब? त्याला म्हटलं, आधी पाना नीट धर.

तुलाही वाढदिवसाचा नमस्कार. आज तू कागदावरही पंचावन्नची झालीस. म्हणजे माझं जानेवारीतलं उत्तर बरोबर होतं, तूच तिथं उशिरा पोचलीस. तेवढा लाल शेरा खोडून गुण वाढवून द्यावेत. माझ्या सत्तेचाळीसचं काय, ते विचारू नये.

तुझा,
नवनाथ
(दहावी पास)