हेल्मेटची काच

नाचणगाव, शनिवार संध्याकाळ

सिनेमातल्या अंतराळ सैनिकासारखं घरीच बनवलेलं पांढरं चिलखत ओसरीत स्टँडवर चढवलं. सगळं हुबेहूब, फक्त हेल्मेटची काच अजून हिरवट दिसते. हात धुवून आलो, तर आई चिलखतासमोर ताट घेऊन उभी.

"बंडू, उपाशी काऊन राह्यला रे? जेवून घे ना."

"आई, बंडू मी व्हय. इकडे पाय."

तिने पदर सावरला. "बसा जी. तुमी कोण?"

कालपर्यंत ओळखत होती ना? की माझंच लक्ष नव्हतं? महिनाभर त्या काचेतच डोकं घालून बसलो होतो.

ती ताट घेऊन पुन्हा चिलखताकडे वळली. शेवटी हेल्मेट काढून मीच घातलं. हिरवट काचेतून आई हसताना दिसली. घास भरवायला तिने हात पुढे केला.

हेल्मेटला तोंडच नाही.