गोडी जरा कमी

६ जानेवारी २०२५

साखरपुडा ठरला – सुकन्याचा, माझ्या नणंदेचा! २ फेब्रुवारीला, इथेच मुरुडला. केक कोण करणार हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मुरुडात बिनअंड्याचा केक म्हटलं की दीपमालाच.

खरी बातमी पुढेच आहे. मुलाच्या वडिलांचं, गुरुपादप्पांचं, लातूरला मिठाईचं मोठं दुकान आहे. निघताना मला म्हणाले, “केक कुंकवावानी लालभडक पाहिजे. जमला तर आमच्या काचंच्या कपाटात एक कप्पा तुमचा.” एक कप्पा माझा, लातूरमध्ये! जमला तर कसलं, जमलाच समजा.

१५ जानेवारी

लाल करणं गंमत नाही. बटर आणि आयसिंग शुगर फेटली, जेल कलर टाकला – गुलाबी. आणखी टाकला – आणखी गुलाबी. अर्धी बाटली रिचवली तेव्हा कुठे कुंकू दिसलं. चव मी पांढऱ्यावरच बघते, नेहमीच. रंग पडल्यावर बघायचं काय? रंगाला कुठे चव असते!

सासूबाईंना वाटी नेऊन दिली. आत्या, कसंय? त्यांनी जीभ टाळ्याला लावून बघितली. “रंग लई झकास. गोडी जरा कमी हाय.” आत्यांना चहातसुद्धा साखर जास्त लागते. वाढवते.

१८ जानेवारी

साखर वाढवली तर रंग फिका पडला. म्हणून रंग वाढवला. आत्या पुन्हा तेच – गोडी कमी. ह्यांना दिलं, हेही तेच. शेजारच्या सिंधुताई, त्याही तेच. या गल्लीला साखर तरी किती लागते! पुन्हा साखर, पुन्हा रंग. मिक्सर तापला, मी नाही तापले.

२३ जानेवारी

बोटं लाल, ओटा लाल, चहाचा कप लाल. पण रंग असा आलाय की दृष्ट काढावी.

२ फेब्रुवारी

पार पडला एकदाचा. केकवरचं झाकण काढलं आणि अख्खा मांडव भोवती गोळा झाला. मग फोटोच फोटो. शालूतली सुकन्या आणि शेजारी केक – कोण जास्त लाल!

वाढता वाढता मला एक घासही मिळाला नाही. ताटल्या उचलताना बघितलं, पुष्कळांनी आतला केक खाऊन वरचा लाल थर बाजूला सारलेला. हल्ली ज्याला त्याला शुगर. निघताना गुरुपादप्पा म्हणाले, “रंगाला तोड न्हाई, दीपमालाताई. गोडी तेवढी जरा कमी.” कप्प्याचं काही बोलले नाहीत. गडबडीत विसरले असतील.

३ फेब्रुवारी

फ्रिजमध्ये एक तुकडा उरला होता. सकाळी चहाबरोबर खाल्ला.

कडू!

औषधाची गोळी चघळल्यासारखं, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारं कडू. एवढ्या साखरेतूनही. तशीच आत्यांकडे गेले. कडू होतं तर सांगितलं का नाही? त्या ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मयताच्या घरी जेवण नेतेत त्याला कडू घास म्हणतेत. साखरपुड्याच्या घरात मी कडू म्हणू व्हय? दिवा इझवला म्हणतो का आपण? वाढवला म्हणतो. तसंच गोडी कमी.” मग ज्वारीतला एक खडा बाजूला टाकत, “तुला कळंल वाटलं.”

नाही कळलं. सगळी गल्ली मला कडू सांगत होती आणि मी त्यावर साखर ओतत होते. जेवढी साखर तेवढा रंग, जेवढा रंग तेवढं कडू. राग आला – आत्यांचा, ह्यांचा, सगळ्यात जास्त माझा. गुरुपादप्पांनीही हसत हसत तेच सांगितलं की! कप्पा गेला. थोडी रडले. म्हणजे बरीच.

१० फेब्रुवारी

रडून झालं. आता मला लाल जमणार नाही असं कुणी म्हणून दाखवावं.

रंगाला चव असते, आणि लालची सगळ्यात वाईट. पिवळ्यानं एवढा त्रास कधी दिला नाही. आज बिटाची पूड घालून बघितली – शेतातल्या मातीची चव. आत्या सरळ “शी” म्हणाल्या. घरात आता शुभकार्य नाही, त्यांची जीभ मोकळी सुटली आहे.

१४ फेब्रुवारी

सापडलं! आधी कोको घालून क्रीम तपकिरी करायचं, मग लाल – तेही बेतानं. आणि लगेच गडद झालं नाही म्हणून घाबरायचं नाही. झाकून रात्रभर ठेवलं की रंग आपोआप चढतो. मी वेडी, गुलाबी दिसलं की ओतत सुटायचे. अगदी कुंकू नाही, जरा मरून कलर वाटतो. वाटू दे.

चव आता लालवरच बघते. आत्यांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली. गोडी कमी का, विचारलं. “न्हाई गं, गोडच हाय,” म्हणाल्या. उद्या लातूर. कुणी बोलावलेलं नाही. बोलावण्याची वाट बघत बसले तर झालंच!

१५ फेब्रुवारी

डबा घेऊन एस.टी.नं गेले. गुरुपादप्पांनी बसवलं, चहा मागवला, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली. मी डबा उघडून पुढे केला. त्यांनी चमचाभर क्रीम तोंडात घोळवलं आणि भर गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “कडू हाय अजून. थोडंच, पण हाय. सोमवारी परत आणा.”

पाहुण्यांच्या सुनेशी कुणी असं बोलत नाही. सोमवारी पहिल्या गाडीनं जाणार.