पडवीतल्या कुत्र्याचं बारसं

बाबा, मी कोण ते आठवतंय का? नसेलच. जिवंत होता तेव्हाही मला हाक मारायला निघायचात आणि वाटेत सगळ्या कुत्र्यांची नावं घेऊन मग माझ्यापर्यंत पोचायचात. "ए मधुकर, ए प्रभाकर, ए... तू गं, पाणी आण!" तर ती पाणी आणणारी मी. आता मला नातवंडं आहेत, दात नाहीत, आणि तुम्ही गेलात त्या वयाच्या मी कधीच पुढे निघून आलेय, तेव्हा आता जरा दबून बोला माझ्याशी. अक्षर तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही. मी बोलतेय, नात लिहून घेतेय. मी 'नाय' म्हणते, ती 'नाही' लिहिते. पत्रात असंच चालतं म्हणे. चालू दे. तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं!

कामाचं बोलते. तुम्हाला एक नाव विचारायला बसले होते, कुत्र्याचं. नर आहे, काळा, छातीवर पांढरा ठिपका. शिरगावात, माझ्या पडवीत गोणपाटावर पडलाय. नात बोईसरला औषधांच्या कंपनीत जाते, सालवडला खोली घेऊन राहते. शिफ्टची बस जिथं थांबते तिथं हा बसायचा. बस सुटली की थोडा मागं धावायचा, जणू तिला कामावर पोचवायची जबाबदारी याचीच. परवा बस मागं घेताना चाक त्याच्या कमरेवरून गेलं. पोरीनं उचलून रिक्षात घातला. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, ये बचेगा नहीं, काहे परेशान होती हो?" ही म्हणाली, "आप चलाओ." खोलीच्या मालकानं त्याला घेऊन जिना चढू दिला नाही, तेव्हा सुट्टी टाकली आणि आली माझ्याकडे. आजीच्या पडवीला मालक नाही ना.

पालघरहून गुरांचा डॉक्टर येऊन गेला. चांगला माणूस, खोटं बोलला नाही. मागचे पाय गेलेत, आतलंही फाटलंय, आता दुखू नये एवढंच बघायचं. सुई देऊन निघताना त्यानं सहज विचारलं, "नाव काय याचं?" नाव कुठलं असणार! तो गेल्यावर पोरगी म्हणते, "आजी, याला आजवर सगळ्यांनी एकच हाक मारलीय, हाड! जाईपर्यंत तेच ऐकायचं का त्यानं? एक चांगलं नाव सांग. भारदस्त. ऐकणाऱ्यानं वळून बघावं असं." आणि मोबाईलमधून नावं वाचायला लागते. ब्रूनो, सीझर, ऑस्कर. मी म्हटलं, "हे सायब लोक कुठले गं? पडवीत मावतील का?" मग रेयांश, विहान, शौर्य. "हा तर पलीकडच्या घरातला नातू. त्याची आय भांडायला येईल." ती रुसली. "मग तूच सांग ना!" माझ्या तोंडून निघून गेलं, "धोंड्या ठेव." तेव्हा ती माझ्याकडे अशी बघते, जणू ती बस मीच चालवत होते.

तिला काय सांगणार? तुमच्या घरात नाव कसं ठेवायचे ते तिनं कुठं पाहिलंय. माझ्या आधीची दोन्ही पोरं पाळण्यातच गेली. नावं देखणी होती ना त्यांची. तुम्हाला वाटलं, आईला वाटलं, साऱ्या आळीला वाटलं, की देखणं नाव ऐकलं की यमाची नजर वळते. म्हणून मी झाले ती धोंडी, आणि माझ्या पाठचा भाऊ झाला तो केरू. दगड आणि केर, असलं कोण उचलून नेईल? मनात साठलेली सगळी चांगली नावं मग तुम्ही कुत्र्यांना वाटून टाकलीत. संध्याकाळी पानवेलीच्या वाडीत तुमची हाक घुमायची, "प्रभाकर! ए प्रभाकर!" आणि शेजारचे प्रभाकरभाऊ लगबगीनं कुंपणापाशी यायचे. "काय हो, मला हाक मारली?" "तुला नाय रे भाऊ, माज्या कुत्र्याला." पुढं किती तरी वर्षं तो माणूस आपल्या घरचं पाणी प्यायला नाही.

एकदा चुलीपाशी आपण जेवत होतो. आई भाकरी थापतेय, दारात प्रभाकर शेपूट हलवतोय. मी म्हटलं, "बाबा, मला पण याच्यासारखं चांगलं नाव ठेवा ना." तुमचा घास हातातच राहिला. "जगायचंय ना तुला? मग गप जेव." आई तव्याकडे बघत राहिली. मी गप जेवले. अजून जेवतेय.

आणि एवढं करून यम काही फसला नाही. केरू तापात गेला, मिसरूडही फुटलं नव्हतं. तुमचे दिवाकर, मधुकर, प्रभाकर मात्र म्हातारे होऊन, दात पडून, उन्हात पाय ताणून मेले. त्यांच्या नावांवर कुणाची नजर गेली नाही. मग कसला उपाय आणि कसलं काय. हे सगळं ठाऊक असूनही काल तोंडातून निघालं ते धोंड्याच. पोरगी हुशार आहे. थोडं सांगितल्यावर विचारते, "धोंड्या म्हटलं तर वाचेल का तो?" "नाय." "आणि चांगलं नाव ठेवलं तर?" "तरी नाय गं." "मग चांगलंच ठेवू की, आजी."

 तर एक चांगलं नाव माझ्यापाशी आहे, बाबा, आणि ते तुमचं आहे. केरूला न्यायचं होतं, माणसं अंगणात बांबू बांधत होती. आत तुम्ही एकटेच होता असं तुम्हाला वाटलं. मी दाराआड होते. तुम्ही वाकलात, त्याच्या कानाला तोंड लावलंत आणि म्हणालात, "रत्नाकर." हळूच, उठवायचं नसल्यासारखं. तेव्हा भिण्यासारखं काय उरलं होतं? हे नाव तुम्ही कुठल्याच कुत्र्याला दिलं नव्हतं. नंतरही कधी दिलं नाही.

आज दुपारी आम्ही पडवीत बारसं केलं. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत. कानात नाव आत्यानं सांगायचं, आता कुत्र्याची आत्या कुठून आणू? मीच बसले खाली, गुडघे कडाकडा वाजले. त्याच्या कानात कुर्रर्र केलं. आत्याच्या पाठीत बायका धपाटे घालतात, तसा पोरीनं एक घातला, अगदी फुलासारखा. "जोरात नको, तुझी पाठ मोडेल," म्हणते. मग मी म्हटलं, "रत्नाकर." त्यानं कान हलवला. माशी बसली असेल. पोरगी म्हणाली, "केवढं भारी नाव! कुठून सुचलं गं?" मी म्हटलं, "समोर समुद्र हाय ना." आता हे लिहिताना तिचा हात थांबलाय. लिही गं, लिही.

श्वास आता फार लांब लांब घेतोय तो. दिवेलागण बघेलसं वाटत नाही. बसच्या चाकाला आमचं बारसं कळत नाही.

एवढं एक कबूल करते, बाबा. त्याच्या कानात सांगताना मला केरूचा हेवा वाटला. त्याला गेल्यावर का होईना, त्याचं नाव मिळालं. माझ्यासाठीही तुम्ही मनात एखादं ठेवलं होतं का, ते विचारायची मला शेवटपर्यंत हिंमत झाली नाही. मी जगले, म्हणून ऐकायचं राहून गेलं.

पोरी, हे पत्र कुठं टाकू नको, घडी करून माझ्या पेटीत ठेव. आणि ऊठ, तांदळाची भाकरी टाक, सुक्या बोंबलाचं कालवण कर. तो गेला की पुरताना खड्ड्यात त्याच्यासोबत ठेवू. तू बसपाशी घालायचीस ती बिस्किटं नको, आणि काटे काढून दे.