बेटावरचे टाके

दुकान,
१३ जानेवारी

सौ. हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पहिलं पत्र परवाच्या गुरुवारी होडीने निघून आज माझ्या हातात पडलं. सुखरूप पोहोचलीस हे वाचून जीव भांड्यात पडला. आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. त्या बेटावर घर नाही, दुकान नाही, फोन लागत नाही, पाण्याचे डबेसुद्धा आठवड्याच्या होडीने येतात, हे ऐकून ती म्हणाली की सूनबाईला शेवटी आपल्यापासून लांब जागा सापडली.

तुझी भाची मोठी हुशार, समुद्रपक्ष्यांची घरटी मोजणाऱ्या मंडळींची प्रमुख, हे सगळं कबूल. पण तिचा आचारी ऐनवेळी पळाला म्हणून तिने आपल्या आत्यालाच उचलून न्यावं, आणि आत्यानेही पिशवी भरून तयार असावं, हे मला अजून पचलेलं नाही. सात माणसांचं जेवण तू तिथे उघड्यावर रांधतेस. इथे तिघांचं करताना दोन वेळा कंबर धरायचीस. असो. महिन्याचाच प्रश्न आहे. एक तारखेच्या होडीने येशील तेव्हा बोलू.

इकडचं ठीक. गणवेशाची कामं संपत आली. दुकानात काज-बटणं करणारा आपला काजवाला रोज विचारतो की वहिनी कधी येणार. माझ्या हातचा चहा त्याला सोसत नाही. संध्याकाळी दुकान बंद करून देवाजवळ दोन मिनिटं हात जोडतो, त्यात हल्ली तुझंच नाव जास्त येतं. देवालाही कंटाळा आला असेल.

आता एक विचारायचं राहिलं. पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलं आहेस की नावाड्याच्या शर्टाची बाही नांगराला अडकून कोपरावर फाटली, ती तू शिवून दिलीस. हे मी तीनदा वाचलं. आपल्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तू माझ्या शर्टाचं बटणसुद्धा लावलेलं नाहीस. शिंप्याच्या घरात त्याची गरज पडली नाही, हे मान्य. पण मग त्या माणसाच्या बाहीचीच एवढी काय गरज पडली? त्याला घरी कोणी नाही का? वय काय त्याचं?

थंडीत शाल घेऊन झोप. लोभ आहेच, तिकडे गेल्यावर जरा जास्तच झाला आहे.

तुझा,
मास्तर

•

बेटावरून,
१८ जानेवारी

ती. मास्तर यांना सा. न. वि. वि.

होडी आली आहे, तासाभरात परत जाईल, म्हणून घाईने लिहिते. नावाड्याचं वय मी विचारलेलं नाही. त्याला घरी बायको आहे, तीन मुली आहेत, आणि गुरुवारी आमचे कांदे-बटाटे वेळेवर येतात ते त्याच्यामुळे. एवढ्यावर समाधान मानावं.

तुम्हाला मजा सांगते. आमचे तंबू जुने, जाड कापडाचे. परवा मोठ्या तंबूची दोर बांधायची कडी कापडासकट फाटून आली. भाची म्हणाली की आता हा शिवायला पलीकडच्या किनाऱ्यावर पाठवावा लागणार, आणि तोवर चौघांनी एकावर एक झोपायचं. मी म्हटलं, बघते. नावाड्याजवळ शिडाला लागणारा दाभण होता, मेणाचा दोरा होता. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून दाभण कसा रेटायचा ते त्याने दाखवलं. लांबूनच दाखवलं, तुमच्या मनात काही यायच्या आत सांगते. मी मागून दुसरं कापड लावलं, दोन रांगा टाके घातले. दोन बोटं सोलली. पण कडी बसली ती बसली. आता रोज कुणीतरी काहीतरी घेऊन येतं. दुर्बिणीची पिशवी, बुटाचा पट्टा, तंबूचं दार. स्वयंपाक उरकला की मी दगडावर बसून शिवते आणि समोर पाणी असतं.

दुसरी गोष्ट झोपेची. घरी मी पहाटेपर्यंत कूस बदलते, हे तुम्हाला माहीत आहे. इथे खाली वाळू, वर कापड, आणि मी पडल्या पडल्या झोपते. पहिले दोन दिवस मला वाटलं आजारी पडले की काय.

भाची म्हणते की काम लांबलं आहे, आत्या आणखी एक महिना राहिलीस तर आम्ही तरू. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्हाला विचारते आहे. मनापासून काय वाटतं ते लिहा.

आईंना नमस्कार, काजवाल्याला माझ्याकडून सहानुभूती. लोभ असू द्यावा, संशय थोडा कमी केलात तरी चालेल.

तुमची,
मी

•

दुकान,
२१ जानेवारी

सौ. हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. मनापासून लिहा म्हणतेस म्हणून सांगतो की मला काही वाटत नाही. तुझी मर्जी.

फक्त आईचा गुडघा फार दुखतो आहे. ती काही बोलत नाही, तुला ठाऊकच आहे तिचा स्वभाव. काल भिंत धरून चालत होती. मी दुकान सांभाळू की तिला? हे पत्र आणणारी होडी परत फिरेल तिने निघून आलीस तर बरं होईल, असं आपलं मला वाटतं.

बाकी तुला तिथे झोप लागते हे चांगलं. इथे आपल्या अंथरुणाची एक बाजू थंड असते, त्यामुळे मला लागत नाही. जाड कापडाचं काम कुणी शिकवून येत नसतं. टाका तिरका गेला की पुढचे सगळे तिरके जातात. तंबूत झोपणाऱ्यांनी वर बघू नये म्हणजे झालं. आणि तो नावाडी इतका शहाणा असेल तर त्यानेच का नाही शिवलं?

लोभ ठेवावा. इथे त्याची गरज आहे.

मास्तर

•

बेटावरून,
२५ जानेवारी

ती. आई यांना सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा फार दुखतो, भिंत धरून चालावं लागतं, असं यांनी लिहिलं आहे. पिशवी भरायला घेतली होती. मग वाटलं की आधी तुम्हालाच विचारावं. खरं असेल तर पुढच्या होडीने येते. आशीर्वाद असावा.

तुमची,
सूनबाई

•

घर,
२९ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

मला दिसत नाही म्हणून काजवाल्याकडून लिहून घेते आहे. माझा गुडघा गेल्या पंधरा वर्षांत जसा आहे तसाच आहे. भिंत मी रोजच धरते, ती त्यासाठीच बांधलेली असते. तू माझ्या गुडघ्यासाठी येऊ नकोस. तुला यावंसं वाटलं तर ये.

शनिवारी रात्री इथे जोराचं वारं सुटलं. छपरांचे पत्रे उडाले, समोरच्याची पाटी आपल्या दारात येऊन पडली. तेव्हापासून माझा मुलगा दाराशी येरझाऱ्या घालतो आहे. काल धक्क्यावरच्या कचेरीत जाऊन बिनतारी यंत्रावरून तुम्ही सगळे सुखरूप असल्याची खात्री करून आला, तरी जेवला नाही. तू पहिल्या तारखेला आली नाहीस तर पुढच्या गुरुवारी स्वतः होडीत बसणार म्हणतो. बॅग भरून ठेवली आहे. जन्मात पाण्यावर गेलेला नाही. मी त्याला म्हटलं की तुला बेट बघायचं आहे की नावाडी, ते आधी ठरव. तर कात्री घेऊन उगाच जुनं कापड कापत बसला.

सुखात राहा. माझी माया आहे तशी आहे.

आई

ता. क. लिहिणारा काजवाला याचाही वहिनींना नमस्कार. मास्तर परवा एका गिऱ्हाइकाला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लावून बसले. कृपा करून काहीतरी करावे.

•

बेटावरून,
१ फेब्रुवारी

ती. मास्तर यांना सा. न. वि. वि.

हे पत्र मी नावाड्याजवळ देऊन ठेवते आहे. टपालात टाकू नको, पुढच्या गुरुवारी बॅग घेतलेला एक माणूस धक्क्यावर येईल, गळ्यात मापाची टेप असेल कारण ती काढायला तो विसरतो, त्याच्या हातात दे, असं सांगितलं आहे.

आईंचा गुडघा बरा आहे हे कळलं.

शनिवारचं वारं इथेही झालं. सगळे मोठ्या तंबूत एकत्र बसलो होतो. दोन लहान तंबू गेले, एक तर समुद्रातच. मोठा राहिला. कापड ढोलासारखं फुगत होतं आणि मी सारखी त्या कडीकडे बघत होते. माझे टाके तुम्ही म्हणता तसे तिरके आहेत. एकही सुटला नाही. सकाळी भाचीने माझा हात हातात घेतला. मला फार बरं वाटलं, हे तुमच्यापासून का लपवू?

आता मनातलं लिहिते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी उशीच्या अभ्र्याला दुमड घातली होती. तुम्ही ती उसवलीत आणि नीट घातलीत. रागावला असतात तर मी भांडले असते. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, आणि मी पुन्हा सुई उचलली नाही. पुढे तुम्ही सगळ्यांना सांगत आलात की हिला शिवणाची आवड नाही. ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

म्हणून तुम्ही येऊ नका. आलात की पहिल्या दिवशी तंबू बघाल, दुसऱ्या दिवशी उसवायला बसाल. हा महिना मला माझा हवा आहे. मी महिनाअखेरच्या होडीने येईन. पण आल्यावर दुकानात हाताला काम हवं. काज-बटणाचं नको, जाड काम. माझ्या टाक्याला तुम्ही हात लावायचा नाही. होय की नाही, एवढंच लिहा. कुणाच्या गुडघ्याबद्दल लिहू नका.

माझा लोभ सव्वीस वर्षं टिकला आहे, आणखी एक महिना टिकेल.

तुमची,
मी

•

दुकान,
१० फेब्रुवारी

सौ. हिस अनेक आशीर्वाद.

टेप खरंच गळ्यात होती. नावाडी सरळ माझ्याकडेच आला.

त्याला मी मनात म्हातारा आणि बोळका करून ठेवला होता. तो माझ्याच वयाचा निघाला, आणि डोक्यावरचे केस सगळे काळे. हसतोही चांगला. तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या कोपराकडे गेलं. असं ठिगळ मी जन्मात लावलं नसतं. पण मला राहवलं नाही, मी ते धरून ओढून पाहिलं. तो म्हणाला की ओढा, शर्ट फाटेल पण ठिगळ निघायचं नाही. मग दोराच्या वेटोळ्यावर बसून तुझं पत्र वाचलं. होडी सोडताना त्याने विचारलं की येताय ना. मी म्हटलं, या खेपेला नाही. माझी जागा त्याने कोबीच्या पोत्याला दिली.

त्या वाऱ्याबद्दल तुला सांगायला हवं. आदल्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी देवाजवळ हेच मागत होतो, की असं वारं सुटू दे की त्यांना तंबू गुंडाळावे लागतील. छपराचे पत्रे वाजायला लागले तेव्हा उठून देवाजवळ गेलो. मागणं परत घ्यायला हात जोडले, पण जीभ उचलेना. माप देऊन, कापड कापून झाल्यावर नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी काय बोलतो ते आठवलं. देवाने मला तसं काही ऐकवलं नाही, एवढी त्याची दया. आई म्हणते की देव नावाड्यांचं आधी ऐकतो. असेल.

अभ्र्याचं मला आठवत नाही. खोटं नाही, खरंच आठवत नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. तुझ्या दृष्टीने सव्वीस वर्षांची गोष्ट आणि मला आठवतसुद्धा नाही.

काल कोपऱ्यावरचा फळवाला आला होता. त्याच्या गाडीवरचं जाड छत कड्यांपाशी फाटलं आहे. असलं काम मी नेहमी परत पाठवतो, मशिनच्या सुया मोडतात. काल ठेवून घेतलं. त्याला सांगितलं की आमचा जाड कामाचा कारागीर बाहेरगावी आहे, महिनाअखेरीला येईल. त्याने विचारलं, नवीन ठेवलाय का. मी म्हटलं, माणूस जुनाच आहे, काम सुरू व्हायचं आहे. काजवाल्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. खिडकीजवळचं टेबल मी रिकामं केलं आहे. त्या टेबलाकडे मी पाठ करून बसेन, म्हणजे हात शिवशिवले तरी तुझे टाके दिसणार नाहीत.

फळवाला थांबायला कबूल झाला. तोवर जुनी चादर बांधतो म्हणाला. माझ्या कामासाठी आजवर कुणी आठवडाभरसुद्धा थांबलेलं नाही, लगेच पलीकडच्या गल्लीत जातात. हे मला बरंच लागलं आहे.

तुझा,
मास्तर