वरच्या प्लगांतल्या मुंग्या

चारकोप, कांदिवली (प.)
कोजागिरी पौर्णिमा

ती. सुगंधाताईस,

धाकट्या अनंताचा साष्टांग नमस्कार. भावोजींचा गुडघा कसा आहे? वैद्यांच्या तेलाने उतार पडला असं तू कळवलंस, पण तो वैद्य आधी सायकली दुरुस्त करायचा हे मी विसरलेलो नाही, तेव्हा तेलाचा वास घेऊन मगच लावत जा. तू पाठवलेले नारळ पोचले. दहा म्हणाली होतीस, नऊ मिळाले. (एक वाटेत फुटला म्हणे. मग करवंटी कुठाय, असं विचारल्यावर टेम्पोवाला दुसरीकडे बघायला लागला.) फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. हा फोन मला अक्षताने घेऊन दिलाय, आणि आजकालच्या लेकी बापाला एवढा महाग फोन उगाच देत नाहीत. तेव्हा जे लिहितोय ते पोस्टानेच बरं.

तुला माहीतच आहे, आमची अक्षता आणि तिचा विक्रोळीचा मित्र प्रीतम मिळून विमान बनवतायत. ज्या गाळ्यात मी चाळीस वर्षं गाड्यांची वायरिंग केली, त्याच गाळ्यात. मला आधी वाटलं, विमान हा नुसता बहाणा आहे, दोघांचं भलतंच काही चाललंय. तसं असतं तर किती बरं झालं असतं, हॉल बुक करून मोकळा झालो असतो. पण दोन वर्षं पाळत ठेवून सांगतो, ते खरोखर विमानच बनवतायत. परवानगी आली की सुटे भाग टेम्पोत घालून घाटावरच्या धावपट्टीवर न्यायचे, आणि पहिल्यांदा वर जाणार ती अक्षता. तिच्याकडे लायसन आहे. (लायसनवरचा फोटो तिच्यासारखा दिसत नाही, हे मी आधीच निदर्शनाला आणून दिलंय.)

इंजिन एका ठोकलेल्या जपानी गाडीचं. त्यात पिस्टन नाही. मी तीनदा वाकून बघितलं, नाहीच. नुसतं तिकोनी लोखंड आत गरगरतं. अशी दोन तिकोनं, आणि प्रत्येकाला दोन-दोन स्पार्क प्लग, एक वर, एक खाली. गाडीत हे चारही प्लग एकाच इलेक्ट्रॉनिक डब्याच्या हुकमावर चालतात. विमानाला ते चालत नाही म्हणे. म्हणून या दोघांनी गाडीच्याच, प्लगांना ठिणगी पुरवणाऱ्या कॉइल घेऊन दोन वेगळी घराणी केली: वरच्या प्लगांना एक डबा, एक बॅटरी, एक स्विच, खालच्यांना सगळं निराळं. मी म्हटलं, एक धड असेल तर दुसरं कशाला? ज्याला स्वतःच्या कामाची खात्री नाही तोच जोडी ठेवतो. अक्षता एवढंच म्हणाली, "बाबा, गाडी बंद पडली तर उतरून ढकलता येते. वर कोण ढकलणार?" त्या दिवशी मी जेवलो नाही. आमच्या हिला, वनमालाला, वाटलं, भाजी खारट झाली.

खंडेनवमीला गाळ्यात रिवाजाप्रमाणे हत्यारांची पूजा केली. पक्कड, टेस्टर, मीटर, सगळ्यांना हळदकुंकू, आणि या वर्षी इंजिनालाही झेंडूचा हार. नारळ मीच फोडला. मग रविवारी विमानाची शेपटी खांबाला बांधून इंजिन चालू केलं. झकास चाललं. मग त्यांची ती परीक्षा: एक घराणं मुद्दाम बंद करायचं आणि दुसरं एकटं चालतं का ते बघायचं. वरचं बंद केलं, इंजिन होतं तसंच चालत राहिलं. खालचं बंद केलं आणि क्षणात सगळं ठप्प. म्हणजे वरचं घराणं मेलेलंच होतं. अक्षताने वरच्या कॉइलचं कनेक्शन उघडलं तर आत हिरवा गंज, चिकट रस, आणि मुंग्यांची रांग.

मी ताबडतोब प्रीतमकडे बघितलं. तो दसऱ्यापासून गाळ्यात जिलेबी खात होता, तीही विमानाच्या पंख्याशेजारी उभा राहून. मी स्पष्ट सांगितलं की पाकाच्या हाताने वायरिंग करणाऱ्याच्या भरवशावर माझी मुलगी वर जाणार नाही. त्याने हात पुसले आणि गेला. आज तीन दिवस झाले, आलेला नाही. अक्षता माझ्याशी बोलत नाही, विमान खांबालाच बांधलेलं आहे. वनमाला मात्र रोज त्याच्या नावची पोळी बाजूला काढते, म्हणजे तीही त्यांना सामील आहे. बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा,
अनंता

ता. क. १ : तो पाक जिलेबीचा नव्हता. तुझ्या नारळाचं पाणी होतं. फोडला तेव्हा धार सरळ वरच्या कॉइलवर गेली. यंदाचे नारळ प्रमाणाबाहेर पाण्याचे निघाले, हे तूही मान्य करशील. तेव्हा तू अक्षताला फोन करून सांग की नारळ तुझ्या परसातला होता आणि चूक तुझी आहे. तू मोठी आहेस, तुला कोणी काही बोलणार नाही. प्रीतमचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय, त्यालाही सांग.

ता. क. २ : वरचा ता. क. फाडून टाक, त्यातलं कोणाला सांगू नकोस. पाणी चुकून गेलं, पण गेलेलं मला दिसलं होतं. फडका माझ्या खांद्यावरच होता. मी पुसलं नाही. इंजिन बिघडलं तर पोर जमिनीवर राहील, एवढंच त्या वेळी मनात आलं. मला भीती वाटते गं, ताई. पण इंजिन रविवारी दहा मिनिटं चाललं ना, ते ज्याच्यापर्यंत माझा नारळ पोचला नाही, त्या खालच्या घराण्यावर चाललं. सख्खा बाप आडवा आला तरी बंद पडू नये, असं तिने ते बनवलंय. उद्या मीच विक्रोळीला जातो. तू फक्त एवढं कळव, अशा वेळी माफी मागायला जाताना जिलेबी न्यावी का?